विरोधी बाकावरचा आमदार आणि ‘हे खरे आहे काय?’

प्रश्न असा आला आहे : “आमच्या मतदारसंघात या वेळी विरोधी पक्षाचा, तोही पहिल्यांदाच निवडून आलेला आमदार आहे. गावात सगळे म्हणतात, पाच वर्षं वाया गेली. निधी मिळणार नाही, मंत्री ऐकणार नाहीत, सभागृहात बोलायला वेळ मिळणार नाही. मग असा आमदार विधानसभेत जाऊन नक्की करतो काय?”

मी बावीस वर्षं आमदारांचा स्वीय सहायक होतो. तीन आमदार झाले. तिघेही मागच्या बाकांवरचे आणि त्यातले दोघे बहुतेक काळ विरोधात. मंत्र्याचा पीए व्हायचा योग काही आला नाही. त्यामुळे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर काय शिजतं हे मला विचारू नका, पण तुम्ही जे विचारलंय त्यात माझी हयात गेली आहे.

निधीचं आधी उरकून टाकतो. आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो आणि तो सत्ताधारी-विरोधक सगळ्यांना सारखाच. भेदभाव होतो तो त्यापलीकडे. जिल्हा नियोजन समिती, ‘२५१५’ या लेखाशीर्षाखालची गावातली कामं, पुरवणी मागण्यांत (म्हणजे वर्षाच्या मध्येच सरकार मंजूर करून घेतं त्या जादा खर्चात) शेवटच्या क्षणी बसवलेले रस्ते, या सगळ्यात विरोधी आमदाराच्या ताटात उरलंसुरलं येतं. सरकार बदललं की मंजूर कामांवर स्थगिती येते ती वेगळीच. हे सगळ्यांच्या राज्यात झालं आहे, अमुक पक्ष सोवळा असं मी म्हणणार नाही. तेव्हा आमदाराला फक्त निधीच्या फुटपट्टीने मोजायचं असेल तर तुमचे गाववाले बरोबर आहेत आणि पुढचं वाचायची गरज नाही.

आता सभागृह. आपल्या विधानसभेत २८८ आमदार. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईला, हिवाळी नागपूरला. नवा विरोधी आमदार पहिल्या दिवशी आत जातो तेव्हा त्याची कल्पना असते की आपण उभे राहू, ‘अध्यक्ष महाराज’ म्हणू आणि तालुक्याचं दुःख मांडू. तसं काही होत नाही. मोठ्या विषयांवर पक्षाचे ज्येष्ठ बोलतात. मागच्यांचा नंबर लागतो तो रात्री, विभागवार मागण्यांवर, म्हणजे एकेका खात्याच्या खर्चाच्या मंजुरीवर, चर्चा चालू असते तेव्हा. अध्यक्षांच्या आसनावर तालिका अध्यक्ष, म्हणजे त्यांच्या जागी तात्पुरता बसलेला एखादा आमदार, समोर एखादा मंत्री, तोही दुसऱ्याच खात्याचा, नोंदी घ्यायला बसवलेला. बाकं रिकामी. चार मिनिटं झाली की घंटा.

एक गंमत सांगतो. कामकाज चालायला एक दशांश सदस्य हजर हवेत, म्हणजे २९. विरोधी पक्षनेतेपदासाठी रिवाजाने जो आकडा धरला जातो तोही २९, आणि २०२४च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला तो गाठता आला नाही. रात्री नऊला सभागृहात डोकी मोजली तर कधी कधी तेवढीही भरत नाहीत. विरोधी आमदार उभा राहून ‘अध्यक्ष महाराज, कोरम नाही’ म्हणू शकतो आणि कामकाज थांबतं. आमच्या एका साहेबांनी उत्साहात एकदा ते केलं. सत्ताधाऱ्यांचं काही बिघडलं नाही. बोलायला ताटकळलेले आपलेच चार जण महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

म्हणजे भाषणात फारसं काही नाही. खरं हत्यार आहे प्रश्न. आणि प्रश्न हा सभागृहात विचारायच्या कितीतरी आधी लिहायचा असतो. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं अशा प्रश्नाची, सूचना अधिवेशनाच्या महिनाभराहून अधिक आधी द्यावी लागते. पूर्वी आम्ही गठ्ठे घेऊन विधान भवनाच्या शाखेत रांग लावायचो, आता ऑनलाइन भरतात. प्रश्नाला ठरावीक साचा असतो. ‘हे खरे आहे काय’ने सुरुवात. मग ‘असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. लोक या भाषेला हसतात. मीही पहिली दोन वर्षं हसलो. मग कळलं की या साच्यात सरकारला पळायला किती जागा ठेवायची, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

माझ्याच चुकीची गोष्ट. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र येऊन पडलं होतं. खोक्यातून काढलेलं नव्हतं, वर औषधांची रिकामी खोकी रचलेली. गरोदर बायका तपासणीसाठी साठ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी जायच्या. एका सरपंचबाईंनी मला तो खोकाच दाखवला. मी तावातावात प्रश्न लिहिला : तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्राची दुरवस्था झाली असून सोनोग्राफी यंत्र धूळ खात पडले असल्याने गोरगरीब महिलांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं :

(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

आणि उत्तर अचूक होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र नव्हतंच, ते ग्रामीण रुग्णालयात होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या. एक शब्द चुकला आणि कक्ष अधिकाऱ्याने सहा शब्दांत आमची सहा महिन्यांची मेहनत कागदोपत्री मारून टाकली. साहेब रागावले नाहीत. उत्तरांची पुस्तिका उघडी माझ्यासमोर ठेवली आणि चहा सांगितला. त्या चहाची चव अजून आठवते.

पुढच्या अधिवेशनाला आम्ही परत लिहिला. ‘दुरवस्था’, ‘धूळ खात’, ‘गोरगरीब’ सगळं काढलं. (नियमही तेच सांगतो. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपहास नको.) तो साधारण असा होता :

(१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयास प्राप्त झालेले सोनोग्राफी यंत्र अद्याप कार्यान्वित करण्यात आलेले नाही, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर यंत्र कोणत्या दिनांकास प्राप्त झाले व तेव्हापासून आजपर्यंत त्यावर किती गरोदर मातांची तपासणी करण्यात आली;
(३) यंत्राची नोंदणी व तज्ज्ञाची नेमणूक याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तिसरा भाग मुद्दाम घातला होता. सोनोग्राफीचं यंत्र खोक्यातून काढून लगेच चालवता येत नाही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंदणी लागते आणि चालवणारा पात्र डॉक्टर लागतो. आमच्या रुग्णालयात तो नव्हता म्हणून नोंदणी नव्हती, आणि नोंदणी नाही म्हणून खोकं बंद. जाता जाता सांगतो, हा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला, केंद्राचा आला १९९४ला. महाराष्ट्रात तो विषय सभागृहात लावून धरणाऱ्यांत विरोधी बाकावरच्या मृणाल गोरे होत्या. पाणी आणि लाटण्याच्या मोर्चामुळे लोक त्यांना ओळखतात, हे काम फारसं कुणाला माहीत नसतं.

या वेळी उत्तर आलं : ‘हे अंशतः खरे आहे.’ पुढे यंत्र मिळाल्याची तारीख. आणि तपासणी केलेल्या मातांची संख्या : निरंक.

‘निरंक’ हा सरकारी भाषेतला माझा सर्वांत आवडता शब्द. दहा मिनिटांच्या भाषणाने जे झालं नसतं ते त्या तीन अक्षरांनी केलं, कारण ती आमची नव्हती, शासनाची होती. मंत्र्यांच्या नावाने छापलेली, सभागृहासमोर ठेवलेली. विरोधी आमदाराचं निम्मं कसब एवढ्यातच आहे : आपण आरोप करायचा नाही, सरकारलाच आकडा लिहायला लावायचा.

पण प्रश्न तोंडी आला का? नाही. प्रश्नोत्तराचा तास एकच, यादी लांबलचक, तोंडी लागतात ते बोटांवर मोजण्याइतके. आमचा कुठेतरी खाली होता. असे बहुसंख्य प्रश्न लेखी उत्तरातच संपतात आणि बाहेरचे लोक म्हणतात, आमदार काही बोललाच नाही. प्रत्यक्षात प्रश्न स्वीकारला जाऊन खात्याकडे गेला की त्याच दिवसापासून काम सुरू होतं. मंत्रालयातून कक्ष अधिकारी जिल्ह्याला फोन लावतो, ‘एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आहे, संध्याकाळपर्यंत माहिती द्या.’ जिल्ह्याचे डॉक्टर गाडी काढून तालुक्याला पळतात. त्या आठवड्यात आमच्या रुग्णालयातल्या खोक्यावरची खोकी हलली, यंत्र पुसलं गेलं, ‘तज्ज्ञ मिळावा’ म्हणून वर पत्र गेलं. उत्तर छापून येण्याच्या आधी. पुष्कळदा विरोधी आमदाराचं काम या एका फोनमध्येच होऊन जातं आणि त्याला स्वतःलाही ते कळत नाही.

मग आम्ही अर्धा तास चर्चा मागितली, म्हणजे उत्तराने समाधान न झाल्यास त्याच विषयावर दिवसअखेर मंत्र्याला परत उभं करायचं. लागली नाही. लक्षवेधी दिली. विधानसभेत ती नियम १०५ खाली असते, ‘तातडीच्या व सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीकडे’ मंत्र्यांचं लक्ष वेधायचं आणि त्यांनी निवेदन करायचं. तीही लागली नाही. एका रुग्णालयाचा विषय अध्यक्षांना ‘सार्वजनिक महत्त्वाचा’ वाटेलच असं नाही. एक जुना मार्ग इथे कामी येतो : आजूबाजूच्या चार तालुक्यांत हेच आहे का ते शोधायचं आणि चार आमदारांच्या सह्या घ्यायच्या, त्यातला एक शक्यतो सत्ताधारी. सत्ताधारी मागच्या बाकावरच्या माणसालाही मंत्री भेटत नसतात. पण आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

शेवटी अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्याच्या मागण्यांवर रात्री साहेबांचा नंबर लागला. मी कपात सूचना देऊन ठेवली होती. मागणीतून १०० रुपये कमी करा, अशी ती लाक्षणिक सूचना असते. ती मंजूर होत नाही, व्हायची अपेक्षाही नसते, पण तिच्या आधारे विषय काढता येतो. साहेब तीन मिनिटं बोलले. यंत्र मिळाल्याची तारीख वाचली, संख्या वाचली, ‘निरंक’ शब्द दोनदा उच्चारला आणि खाली बसले. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून मंत्र्यांकडे चिठ्ठी सरकली. दुसऱ्या दिवशी एकत्रित उत्तर देताना मंत्र्यांनी तीस-चाळीस सदस्यांच्या मुद्द्यांत आमचंही एक वाक्य घेतलं : महिनाभरात तज्ज्ञ देण्यात येईल.

इथे नवखे आमदार पेढे वाटतात. खरं तर इथून पुढे कारकुनी सुरू होते. सभागृहात मंत्री ‘करू’, ‘देऊ’, ‘चौकशी करण्यात येईल’ असं म्हणाले की ते आश्वासन होतं. त्याची पूर्तता तीन महिन्यांत व्हावी अशी अपेक्षा असते आणि आश्वासन समिती त्याचा माग ठेवते. पण समितीकडे अशी आश्वासनं ढिगाने. म्हणून आपण कार्यवाहीची असुधारित प्रत मिळवायची, ते वाक्य तारखेसह खुणेने अधोरेखित करायचं आणि दर महिन्याला एक पत्र पाठवायचं. पत्रात विनंती कमी, अवतरण जास्त. आमची चार पत्रं गेली. पहिल्या प्रश्नापासून जवळपास दीड वर्षाने कंत्राटी रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला. यंत्राची फीत सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक नेत्याने कापली. साहेब मागच्या खुर्चीवर होते. ती त्यांना सवयीची जागा होती.

तुम्ही म्हणाल, दीड वर्ष, दोन दिवस, आणि श्रेय दुसऱ्याला? हो. हाच दर आहे.

याहून मोठं काही होतच नाही असंही नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ला पहिल्यांदा आले आणि अकरा वेळा निवडून आले. मंत्रिपदाचा थोडा काळ सोडला तर जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकावर, पक्ष शेकापसारखा लहान. ते उठले की सभागृह ऐकायचं, कारण पाणी आणि दुष्काळावरच्या आकड्यांत त्यांना अधिकारीही खोडू शकत नसत. जनसंघाचे रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांना द्यायचे. असा अहवाल तुमच्या आमदाराकडे मागून पाहा, चेहरा बघण्यासारखा होईल.

अशासकीय विधेयकांबद्दल, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेल्या विधेयकांबद्दल, मात्र फार आशा ठेवू नका. शुक्रवारी शेवटी त्यांना वेळ असतो, तोवर निम्मे आमदार गावाकडच्या गाडीत बसलेले असतात. संसदेत आजवर अशी १४ विधेयकं मंजूर झाली, १९७० नंतर एकही नाही. विषय रेटायला ठीक, कायदा व्हायला नाही.

समित्या हा वेगळा लेख होईल. थोडक्यात : सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद रिवाजाने विरोधकांकडे असतं आणि मागच्या बाकावरच्या अभ्यासू आमदाराला सर्वांत जास्त शिकायला तिथे मिळतं. कॅमेरा नसतो, त्यामुळे सचिवही जरा खरं बोलतात. कॅगचे (सरकारी हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे) अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवायची पद्धत पडल्यामुळे सभागृहात त्यांच्यावर चर्चा होत नाही, जी होते ती इथेच. दौऱ्यांवर गेलेल्या समित्यांच्या जेवणावळींबद्दल तुम्ही जे ऐकलं असेल ते सगळंच खोटं नाही.

आता अवघड भाग. विरोधी आमदाराचा सर्वांत मोठा अडथळा कधी कधी त्याचाच पक्ष असतो. नागपूरचं एक अधिवेशन आठवतं. आमदार निवासात रात्री दोनपर्यंत मी आणि साहेब उपप्रश्न तयार करत बसलो होतो, कारण आमचा तारांकित यादीत तिसरा होता. खोलीत गावाकडून आलेले सात-आठ कार्यकर्ते जमिनीवर गाद्या टाकून घोरत होते, म्हणून बाथरूमच्या दिव्याखाली कागद लावले. सकाळी पायऱ्यांवर घोषणा झाल्या, आत गेल्या गेल्या आमच्याच पक्षाने वेगळ्या विषयावर प्रश्नोत्तराचा तास बाजूला ठेवायची मागणी केली, सगळे वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले, दोनदा तहकुबी आणि शेवटी सभात्याग. साहेब पक्षाचा आदेश बजावणाऱ्या प्रतोदांकडे बघत राहिले, मग उठून बाहेर गेले. दुपारी त्याच गोंधळाच्या सावलीत दोन विधेयकं ‘होयचे बहुमत’ म्हणत मंजूर झाली. बातमी सभात्यागाची आली. आमचा प्रश्न कुठेच नव्हता.

सभात्याग करूच नये असं माझं म्हणणं नाही. सरकार उत्तरच देत नसेल तर तेवढंच हातात उरतं. पण तो रोजचा झाला की मंत्र्यांची सोय होते, कारण प्रश्नोत्तराचा तास बुडाला की सर्वांत निवांत मंत्रीच असतात. यात शिक्षाही होऊ शकते. जुलै २०२१ मध्ये तेव्हाच्या विरोधी पक्षाचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण अधिवेशनाच्या मुदतीपलीकडे निलंबन म्हणजे मतदारसंघालाच प्रतिनिधीविना ठेवणं. बाक विरोधी असला तरी त्यामागे लाखो माणसं असतात, एवढं तरी त्या निकालाने कागदावर आलं.

आणि एक घाण आहे, ती लपवून उपयोग नाही. प्रश्न टाकायचा आणि ठेकेदाराचा फोन यायची वाट बघायची, हा धंदा आहे. २००५ला पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या प्रकरणात संसदेतून ११ खासदारांना घालवलं गेलं, राज्यांत त्याची लहान आवृत्ती चालते. ओळखायची खूण सांगतो : मतदारसंघाशी संबंध नसलेल्या, दूरच्या जिल्ह्यातल्या एकाच कंपनीवर किंवा एकाच अधिकाऱ्यावर प्रश्न आणि उत्तर आल्यावर पाठपुरावा शून्य.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही असते. तुमच्या आमदाराचं नाव शोधा. तुमच्या तालुक्यावर किती प्रश्न, त्यात तारखा आणि आकडे मागितलेत की नुसती ‘दुरवस्था’, आणि एकच विषय दोन-तीन अधिवेशनांत परत आलाय का, एवढं बघा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

आणि आमदार नवा आहे म्हणता, तर त्याला तुमची गरज त्याच्या कल्पनेपेक्षा जास्त आहे. त्याच्याकडे एखादा पीए असेल, तोही लग्नपत्रिका आणि बदल्यांच्या पत्रांत बुडालेला. अधिवेशनाच्या दोन महिने आधी त्याला कागद नेऊन द्या. ‘आमच्या गावावर अन्याय झाला’ असलं निवेदन नको. मंजुरीचा आदेश क्रमांक, तारीख, रक्कम, आजची स्थिती, माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर असेल तर त्याची झेरॉक्स. एका पानात, एकच विषय. आणि जे काही असेल ते कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येतं, रुग्णालय ग्रामीण आहे की आरोग्य केंद्र प्राथमिक, हे देण्याआधी दोनदा बघून घ्या.